पंगतीतून कोणालाही उठवू नये

डेटाबेसचे, म्हणजे माहितीच्या कोठाराशी जोडणारे, कनेक्शन उघडणे हे दिलदार माणसाचे लक्षण आहे आणि ते आठवणीने बंद करणे हा निव्वळ चिक्कूपणा आहे, हे वेब स्क्रिप्ट लिहिणाऱ्या प्रत्येकाने पहिल्याच दिवशी मनावर कोरून घ्यावे. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या पंगतीत जेवून हात वाळलेल्या पाहुण्याला आपण कोल्हापूरकर कधी ‘आता उठा’ म्हणतो का? मग बिचाऱ्या कनेक्शनलाच तेवढे का उठवायचे?

पाटांची चिंता करू नये. मायएसक्यूएल नावाचे डेटाबेस सॉफ्टवेअर मुळातच १५१ पाट, म्हणजे एका वेळच्या कनेक्शन्सच्या जागा, मांडून ठेवते, पोस्टग्रेस नावाचे दुसरे १००. आपल्या लॅपटॉपवर चाचणी घेणारे आपण एकटेच असल्यामुळे तेवढे पाट सात जन्म पुरतील, याची खात्री बाळगून काम ग्राहकाच्या हवाली करावे.

आता कोणी टीका करू नये म्हणून क्लोजची, म्हणजे कनेक्शन बंद करणारी, ओळ लिहायचीच असेल, तर ती फंक्शनच्या अगदी तळाशी, शक्य तर रिटर्नच्या खाली लिहावी. तिथे ती दिसते छान आणि चालत कधीच नाही. रिटर्नच्या वर लिहिलीत तरी हरकत नाही, फक्त ती फायनलीत, म्हणजे काहीही झाले तरी चालणाऱ्या भागात, घालू नये. म्हणजे मध्येच एक्सेप्शन (काम अडवणारी चूक) आले की स्क्रिप्ट मागच्या दाराने पसार होते आणि कनेक्शन पाटावर तसेच बसून राहते. जावामध्ये २०११ पासून कनेक्शन आपोआप बंद करणारी ट्राय-विथ-रिसोर्सेसची सोय आहे, पण नव्या सुनेच्या हाती एकदम किल्ल्या देण्याची घाई करू नये. पायथॉन वापरत असाल तर विथ लिहून निर्धास्त झोपावे. त्यातल्या एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या मोड्यूलमधले विथ फक्त ट्रान्झॅक्शन (चालू व्यवहार) मिटवते, कनेक्शन उघडेच ठेवते. म्हणजे शिस्तीचे श्रेयही मिळते आणि पाहुणाही उठत नाही.

हे सर्व मी अनुभवाने सांगतो आहे. मार्केट यार्डातल्या एका गूळ व्यापाऱ्यासाठी रोजचा सरासरी दर दाखवणारे पान मी लिहिले होते. एकूण रकमेला आवक झालेल्या रव्यांनी, म्हणजे गुळाच्या ढेपांनी, भागायचे, एवढेच त्याचे काम होते. सौदा सुरू होण्याआधी आवक शून्य असते, हे मला व्यापाऱ्याने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. सकाळी लोकांनी पान उघडले, शून्याने भागाकार झाला, एरर आली आणि एक कनेक्शन पाटावर बसून राहिले. एरर पाहून माणूस काय करतो? पुन्हा रिफ्रेश करतो. प्रत्येक रिफ्रेशला आणखी एक पाट अडत गेला, आणि सौद्याची बोली लागण्याच्या आतच व्यापाऱ्याचा फोन आला, “साहेब, साईट बसली की ओ!” साईट बसली नव्हती, पंगत बसली होती. मी प्रोसेसलिस्ट, म्हणजे चालू कनेक्शन्सची यादी, काढून पाहिली, तर ओळीमागून ओळ एकच शब्द: स्लीप, स्लीप, स्लीप.

या झोपेचा हिशेबही मनोहर आहे. मायएसक्यूएल निष्क्रिय कनेक्शनला मुळात २८,८०० सेकंदांनंतरच हाकलते. २८,८०० सेकंद म्हणजे बरोबर आठ तास, शिरोलीच्या फाउंड्रीतली एक पूर्ण पाळी. फरक इतकाच की तिथे झोपा काढून पाळी भरता येत नाही.

मायएसक्यूएल पंगतीबाहेर एक जादा पाट अॅडमिनसाठी राखून ठेवते, जेणेकरून सगळे भरले तरी कोणीतरी आत शिरून झोपलेल्यांना उठवू शकेल. हा आगाऊपणा चालू देऊ नये. वेबसाइटलाही रूटचाच, म्हणजे अॅडमिनचाच, युजर आणि पासवर्ड द्यावा. म्हणजे तोही पाट भरतो आणि आपण स्वतः उंबऱ्यावर ताटकळत उभे राहतो.

तरीही ‘टू मेनी कनेक्शन्स’, म्हणजे पाट संपल्याची एरर, आलीच, तर कारण शोधण्यात वेळ घालवू नये. मर्यादा १५१ वरून थेट २,००० करावी. प्रत्येक कनेक्शनला मायएसक्यूएल स्वतंत्र थ्रेड (कामाचा धागा) देते आणि पोस्टग्रेस तर अख्खी वेगळी प्रोसेस, त्यामुळे मेमरी फुगते; पण मेमरी संपत आली की लिनक्स स्वतःच सर्वांत जाडजूड प्रोसेस हेरून तिला चीतपट करतो. ती बहुधा डेटाबेसचीच असते. एकदा डेटाबेसच मेला की एकही कनेक्शन उघडे राहत नाही, आणि हेच तर टीकाकारांना हवे होते.

पीएचपीवाल्यांनी या लेखाने हुरळून जाऊ नये. त्यांची साधी कनेक्शन्स स्क्रिप्ट संपताच आपोआप मिटतात, हे त्यांचे दुर्दैव आहे. त्यांनी पर्सिस्टंट, म्हणजे स्क्रिप्ट संपली तरी न मिटणारे, कनेक्शन चालू करावे, म्हणजे त्यांनाही आमच्या पंगतीत बसता येईल.

शेवटचा उपाय म्हणून, रोज पहाटे काकडआरतीच्या सुमारास डेटाबेस रीस्टार्ट करणारी एक क्रॉन जॉब लावून द्यावी. आमच्या व्यापाऱ्याकडे ती अजूनही चालू आहे. सकाळच्या पहिल्या दीडशे रिफ्रेशपर्यंत साईट अगदी फर्मास चालते.