कोळशावरचा कर गेला कुठे?

नॉर्वेचे अर्थतज्ज्ञ अग्नार सान्डमो यांच्यावरचा लेख आवडला, पण त्यांच्या १९७५च्या निबंधाला दोनच ओळी मिळाल्या याची खंत वाटते. प्रदूषण करणाऱ्या वस्तूवरच थेट कर लावा, तिच्याशी जोडलेल्या इतर वस्तूंवर आडून नको, हे त्यांनी त्यात गणिताने दाखवलं. नॉर्वेने १९९१मध्ये असाच थेट कर आणला: कार्बन कर, म्हणजे इंधन जाळून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवरचा कर.

आपल्याकडे २०१०मध्ये कोळशावर टनामागे ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लागला, २०१६पर्यंत तो ४०० झाला. मात्र २०१७पासून तो पैसा जीएसटीमुळे राज्यांचं बुडालेलं उत्पन्न भरून देण्याकडे वळला. याची खरंच चीड येते! खाणीशेजारच्या गावांचा त्यावर पहिला हक्क होता.