छबिलदासची जागा विसरू नका

दादरच्या छबिलदास शाळेत झालेल्या प्रायोगिक नाटकांवरच्या तुमच्या लेखात त्या धाडसाचं श्रेय फक्त संहितांना, म्हणजे लिहिलेल्या नाटकांना दिलंय. जागेचा वाटाही तेवढाच मोठा होता. 1974 पासून 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने या शाळेचं सभागृह घेतलं. अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे यांनी ते चालवलं.

व्यावसायिक नाट्यगृहातली सोय शाळेत नसते, म्हणून नाटकच वेगळं बसवावं लागतं. विजेचंच बघा. हजार वॅटचा एक स्पॉट, म्हणजे रंगमंचावरचा झोतदिवा, साधारण साडेचार अँपिअर ओढतो. पंधरा अँपिअरच्या जोडणीवर तीन लावले की संपलं, चौथ्याला फ्यूज जातो. मग तीन दिव्यांतच नाटक उभं करायचं. छत बुटकं असेल तर प्रकाश सपाट कोनात येतो आणि नटांच्या सावल्या मागच्या भिंतीवर चढतात. उपाय एकच, नटांना भिंतीपासून सहा-सात फूट पुढे आणायचं. म्हणजे थेट प्रेक्षकांच्या गुडघ्यांपाशी! तिथे मोठा हातवारा खोटा वाटतो, पुटपुटणं मात्र शेवटच्या रांगेपर्यंत पोचतं. पंखे बंद असतील तरच, हेही खरं. अभिनयाची ती जवळीक अशा अडचणींतूनही घडत गेली.

पुढे 'आविष्कार' माहीमच्या पालिका शाळेत गेलं. दादरमधली ती जागा सुटली याची हळहळ आजही वाटते.