भाई होण्याआधी हे वाचा

पुण्यात राहायचं म्हणजे हत्यार हवंच. फक्त परवान्याच्या नादी लागू नका. १९५९ चा शस्त्र कायदा तुमच्या-माझ्यासारख्या बावळटांसाठी आहे. अर्ज करा, जिवाला धोका आहे हे पटवून द्या, पोलीस पडताळणीची वाट बघा. एवढं करून बंदुका दोनच. २०१९ च्या दुरुस्तीआधी निदान तीन तरी ठेवता यायच्या. त्यापेक्षा मध्य प्रदेशातल्या उमर्टीचा गावठी कट्टा बरा. ना फॉर्म, ना नूतनीकरण.

ऐपत नसेल तर कोयता घ्या. त्यानेच केक कापा, रील टाका.

वय सोळाच्या आत असेल तर उत्तमच.

सरावासाठी रस्त्याकडेच्या गाड्या आहेतच. परवा आमच्या गल्लीत पोरांनी ओळीने सगळ्या फोडल्या. भांडण कुणाशी? कुणाशीच नाही. ‘दहशत बसवायची’ होती म्हणे! माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर काचेचा चुरा, त्यातच मुलीची पाण्याची बाटली. चौकीत विचारतात, ‘कुणावर संशय?’ सोसायटीचा कॅमेरा अर्थातच बंद. विमावाला म्हणतो, क्लेम केलात तर बोनस जाईल. म्हणजे काच त्यांनी फोडायची, भुर्दंड मी भरायचा, आणि पकडले गेले की त्यांचं जेवणखाणही मीच बघायचं!

हो, तुरुंगाला घाबरू नका. येरवडा कायम भरलेलंच असतं, तिथे कंटाळा येणार नाही. देशातल्या तुरुंगांत चारांतले तीन कच्चे कैदी, खटला अजून चालायचाच आहे. राहणं, औषधपाणी, कोर्टात न्यायला पोलीस गाडी, सगळं आमच्या करातून. आत मोठ्या टोळीशी ओळखी होतात. नशीब असेल तर सुटताना मिरवणूकही निघते. २०२१ मध्ये तळोज्यातून सुटलेल्या पुण्याच्या एका गुंडासाठी द्रुतगती मार्गावर गाड्यांचा ताफा निघाला होताच की.

पुरे झाली थट्टा. शेजाऱ्यांनो, गाड्या फुटल्या त्या रात्री बाल्कनीत उभं राहून शूटिंग कोण करत होतं? तुम्हीच ना? सकाळी व्हिडिओ ग्रुपवर टाकलात, पण जबाब द्यायला एकजण खाली उतरला नाही. ‘आपल्याला कशाला कोर्टकचेरी!’ साक्षीला कुणी उभं राहत नाही, म्हणूनही खटले रेंगाळतात आणि ती पोरं वर्षानुवर्षं आपल्याच पैशावर आत बसतात, नाहीतर सुटून पुन्हा गल्लीत येतात. आणि चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर, त्याच भाईच्या फोटोखाली ‘शुभेच्छुक’ म्हणून तुमच्या चिरंजीवांचा फोटो आहे, तो बघितलात का? लाज वाटू द्या जरा. आधी घरी जा आणि त्याच्या पलंगाखाली काय आहे ते बघा.