उजवा गुडघा

डॉक्टरांनी बजावलं होतं: मांडी घालायची नाही, जिने टाळायचे आणि गुडघ्यावर बसायचं तर नाहीच नाही. सांगलीत हे सगळं जमत होतं. ऑक्टोबरात लेकीकडे सहा महिन्यांसाठी क्लीव्हलँडला आलो आणि चार वर्षांच्या नातीच्या तावडीत सापडलो.

ईराची शाळा कॅथलिक चर्चची आहे. हीच शाळा का, असं लेकीला जरा चाचरतच विचारलं. ती म्हणाली, "बाबा, चालत सात मिनिटं, फी परवडते आणि डायपर सुटलेलं कुठलंही मूल घेतात." इतक्या सर्वधर्मसमभावी अटीपुढे काय बोलणार? पोचवायचं-आणायचं काम माझ्याकडे आलं. घरी आल्यावर तीन ते पाच माझी शाळा. ईरा मिस, मी विद्यार्थी.

पहिला धडा आत शिरण्याचा. चर्चमध्ये एक छोटं सोनेरी कपाट असतं आणि त्याच्याजवळ एक दिवा अखंड तेवत असतो. दिवा चालू म्हणजे येशू घरात आहे. त्याच्यासमोर आलं की उजवा गुडघा जमिनीला टेकवायचा. डावा चालत नाही. "म्हणजे आपला नंदादीपच की!" असं मी कौतुकानं बोलून गेलो आणि तिथेच फसलो. लेकीचं देवघर स्वयंपाकघरात, फ्रिजला लागून. समई लावली की छतावरचा स्मोक अलार्म बोंबलतो, म्हणून तिनं तिथे विजेचा लाल दिवा कायमचा लावून ठेवलाय. त्या हिशोबानं आमचा गणपती चोवीस तास घरात. तेव्हापासून दूध काढायचं तरी उजवा गुडघा, दूध ठेवायचं तरी उजवा गुडघा. चौथा चहा मी सोडला. लेकीला वाटलं, बाबांनी शुगरचं मनावर घेतलं.

शिक्षण एकतर्फी मात्र राहिलं नाही. गणपतीपुढे मी कान धरतो आणि गालांवर चापट्या मारून घेतो, ते तिनं टिपलं. दुसऱ्या दिवशी शाळेत मरियामातेच्या पुतळ्यापुढे उभं राहून तिनं स्वतःच्या गालांवर फाडफाड वाजवल्या. आणायला गेलो तर मिस दारातच थांबलेल्या. अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? आजोबा रोज सकाळी मारतात, असं ईरानं सांगितलं होतं. कोणाला, ते सांगायचं राहून गेलं होतं. मी तिथेच, पार्किंगमध्ये, प्रात्यक्षिक करून दाखवलं. मिस दोन पावलं मागे सरकल्या.

आमच्या हिला मात्र ती शाळा पहिल्या दिवसापासून पसंत. हिची नोकरी बालवाडीत गेली. पालकांना वर्ग दाखवला त्या दिवशी हिनं पाहिलं: मुलं चटई गुंडाळतायत, ट्रे दोन्ही हातांनी उचलतायत, एका सुरईतून दुसऱ्या सुरईत न सांडता पाणी ओततायत. "अहो, हे आपलंच आहे!" म्हणाली. खोटं नव्हतं. धर्म शिकवायची ही पद्धत सोफिया कावालेत्ती आणि जान्ना गोब्बी या दोघींनी १९५४ पासून रोममध्ये बसवली, ती माँटेसरीबाईंच्या पायावर. माँटेसरीबाई स्वतः १९३९ साली मद्रासला आल्या, महायुद्धामुळे १९४६ पर्यंत आपल्याकडेच अडकल्या. आणि त्यांचं शिक्षण आपल्या मातीत, गरिबाच्या अंगणात रुजवलं ते ताराबाई मोडकांनी. हे सगळं हिनं मला फ्रिजपाशी ऐकवलं. मी तेव्हा खाली होतो आणि उठायला वेळ लागत होता.

हिचं हे प्रेम मोहरीपर्यंत टिकलं.

एके दिवशी ईरा बोटाच्या टोकाकडे टक लावूनच शाळेतून बाहेर आली. बोटावर मोहरीचा एक दाणा, वरून चिकटपट्टी. देवाचं राज्य या दाण्यासारखं आहे, असं येशूनं सांगितलंय: दिसायला एवढंसं, पण वाढलं की पाखरं येऊन राहतात. मिसनी प्रत्येकाच्या बोटावर एकेक दाणा ठेवून तो नुसता बघायला सांगितला होता, गप्प बसून. हात न धुता ती त्या बोटासकट जेवली आणि झोपली.

दुसऱ्या संध्याकाळी हिनं आमटीला फोडणी टाकली. तेल तापलं, डब्यातून चमचाभर मोहरी आत गेली आणि तडतडायला लागली. मागून किंकाळी आली.

"आजी! तू देवाचं राज्य जाळलंस!"

एक नव्हे, चमचाभर राज्यं! ही हातात झारा घेऊन उभी. मग म्हणाली, "अगं, तडतडल्याशिवाय स्वाद कसा येईल?" मला तर हे उत्तर थेट चर्चच्या व्यासपीठावरून द्यावं असं वाटलं. ईराला पटलं नाही. अखेर तह झाला: प्रत्येक फोडणीआधी एक दाणा वाचवायचा आणि खिडकीतल्या वाटीत ठेवायचा. आमटी, भाजी, कोशिंबीर मिळून दिवसाला तीन. हिशोब माझ्याकडे.

हिशोबाचं मला काही नाही. एका सहकारी बँकेत मी ३१ वर्षं वसुलीत काढली. म्हणूनच येशूनं सांगितलेली मेंढपाळाची गोष्ट मला चटकन कळली: शंभरातलं एक मेंढरू हरवतं, तर तो ९९ सोडून त्या एकाच्या मागे जातो. नियमित हप्ते भरणाऱ्या ९९ जणांकडे ढुंकूनही न बघता एका थकबाकीदारापायी उन्हात तीन-तीन गावं मी पालथी घातली आहेत. फक्त सापडल्यावर खांद्यावर घ्यायची पद्धत आमच्या बँकेत नव्हती. घरच्या प्रयोगात हरवलेलं मेंढरू कायम मीच. सोफ्यामागे, चार पायांवर. ईराला मला खांद्यावर घेता येत नाही, म्हणून ती कानाला धरून कळपात आणते.

फेब्रुवारीत वर्गातल्या प्रार्थनेच्या मेजावरचा हिरवा कपडा जाऊन जांभळा आला. नवरात्रात नऊ दिवस नऊ साड्या नेसणारी ही, चर्चच्या वर्षाचे मुख्य रंग चारच आणि त्यातला हिरवा वर्षातले ३३-३४ आठवडे, हे ऐकून हळहळली होती. जांभळा म्हणजे ईस्टरची तयारी. तोवर 'आलेलुया', म्हणजे देवाचा जयजयकार, हा शब्द तोंडातून काढायचा नाही. मुलांनी तो कागदावर रंगवून शाळेत एका डब्यात पुरला. ईराला तो घरीही पुरायचा होता. अंगणात फूटभर बर्फ. शेवटी थंडीसाठी आत आणलेल्या तुळशीच्या कुंडीत पुरला आणि सगळ्यांना ताकीद मिळाली.

अडुसष्ट वर्षांत हा शब्द मी एकदाही उच्चारला नव्हता. गरजच पडली नव्हती. बंदी आली त्या दिवसापासून मात्र तो जिभेवर येऊन बसला. चष्मा सापडला की यायचा, गरम पाणी आलं की यायचा. दात आवळून बारा दिवस काढले.

तेराव्या दिवशी सकाळी ताक काढायला गेलो. गुडघा टेकवला. उठताना आतून असा काही कट्‌कन आवाज आला, की 'आई गं' निघायच्या जागी भलतंच निघालं, तेही खणखणीत.

ईरा दारात उभी होती. कमरेवर हात.

"आजोबा. सॉरी म्हण."

मी देवघराकडे वळलो.

"तिथे नाही. तुळशीला."

तुळशीला सॉरी म्हणालो. उजवा गुडघा टेकवून.