पाण्याचं सिम्युलेशन म्हणजे ‘जे भरलं तेच बाहेर’? नाही!

सिम्युलेशनविरोधी, म्हणजे रेणूंचं वागणं संगणकावर गणिताने उभं करण्याविरोधी, एक मजकूर सध्या जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: संगणकात आपण भरलेलंच उत्तर परत मिळतं; ३७४ अंश सेल्सिअसला, म्हणजे द्रव आणि वाफ यांतला फरकच मिटतो त्या क्रांतिक बिंदूपाशी, पाणी कसं वागतं ते फक्त प्रयोग सांगतो; आणि पाण्याची मॉडेलं तर आपसातही जुळत नाहीत.

पहिला मुद्दा सरळ चुकीचा आहे. ‘टिप४पी/२००५’ हे पाण्याच्या रेणूचं संगणकी मॉडेल बेतताना बर्फाच्या निरनिराळ्या रूपांची स्थिरता, सर्वाधिक घनतेचं तापमान, बाष्पीभवनाची ऊर्जा अशा गोष्टी पाहिल्या होत्या. क्रांतिक बिंदू त्यात नव्हता. तरी मॉडेलचं क्रांतिक तापमान सुमारे ६४० केल्विन निघालं. खऱ्या पाण्याचं ६४७ केल्विन, म्हणजे तेच ३७४ अंश सेल्सिअस, आहे. न भरलेलं उत्तर इतकं जवळ आलं, ते कुठून आलं?

दुसरा मुद्दा मला जास्त खटकतो, कारण याच पाण्याच्या बाबतीत उलट घडलेलं आहे. १९९३ साली न्यूट्रॉन विकिरणाच्या (पाण्यावर न्यूट्रॉन सोडून ते कसे विखुरतात हे पाहण्याच्या) प्रयोगातून निष्कर्ष निघाला की ४०० अंश सेल्सिअसच्या आसपास हायड्रोजन बंध, म्हणजे पाण्याच्या रेणूंना एकमेकांशी जोडणारे दुवे, जवळजवळ उरतच नाहीत. सिम्युलेशन करणारे म्हणत होते, बंध कमी होतात, ढिले पडतात, पण असतात. एका रेणूतल्या हायड्रोजनपासून शेजारच्या ऑक्सिजनपर्यंतची अंतरं आलेखावर मांडली की १.९ आंगस्ट्रॉमच्या (एक आंगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) आसपास एक उंचवटा येतो. तीच बंधाची खूण. प्रयोगात तो नाहीसा झाला होता. पण हायड्रोजन इतका हलका की न्यूट्रॉन आदळला की तोच मागे सरकतो आणि ऊर्जेचा हिशोब बिघडतो. ती दुरुस्ती नीट करून १९९७ मध्ये जुनी-नवी मोजमापं पुन्हा तपासली, तेव्हा उंचवटा परत दिसला. पसरट, ठेंगणा, पण होता. हे काम प्रयोग करणाऱ्यांनीच केलं, याचं मला फार कौतुक वाटतं.

मॉडेलं जुळत नाहीत, हे मात्र खरं. जुन्या ‘टिप४पी’ मॉडेलचं क्रांतिक तापमान ५८८ केल्विनवरच थांबतं. या मॉडेलांमधले विद्युतभार द्रव पाण्यासाठी ठरवून गोठवलेले असतात. खरा रेणू विरळ वाफेत गेला की त्याची ध्रुवीयता, म्हणजे त्याच्या दोन टोकांमधला विद्युतभाराचा फरक, घटते; गोठवलेल्या भारांना ते जमत नाही. फरक पडतो, पण कशामुळे पडतो ते माहीत आहे.

खरी अडचण त्या मजकुरात आलेलीच नाही: संगणकात रेणू ज्या काल्पनिक पेटीत ठेवतात, तिचा आकार. पानाजियोतोपुलोस यांच्या १९८७ च्या पद्धतीत दोन पेट्या असतात, एकीत द्रव, दुसरीत वाफ, आणि रेणू इकडून तिकडे जातात. क्रांतिक बिंदूजवळ या पेट्या चक्क अदलाबदल करतात. द्रवाची पेटी वाफेची होते. घनतेतले चढउतार पेटीहून मोठे होऊ पाहतात. म्हणून कुठल्याही एका पेटीच्या आकड्यावर विसंबत नाहीत. लहानमोठ्या पेट्यांमध्ये तेच गणित चालवतात आणि पेटी अमर्याद मोठी असती तर क्रांतिक तापमान किती आलं असतं, ते त्या आकड्यांच्या कलावरून काढतात.