'का?' विचारू नका, कागद मागा

लोक व्हॉट्सॲपवर सरपंचाला झोडतात आणि ग्रामसभेला फिरकत नाहीत, असं एका लेखात वाचलं; आमच्या रत्नागिरीकडे तरी ते खरंच आहे. पण टीका कागदावर आणायची कशी? गावातली पाखाडी, म्हणजे बांधीव पायवाट, पहिल्याच पावसात उखडली, तर माहिती अधिकारात 'काम निकृष्ट का झालं?' असं विचारू नका. कारणं देणं माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही, असं म्हणून अर्ज निकाली काढतात. अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश आणि मुख्य म्हणजे मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मापं नोंदवलेल्या वहीची) प्रत मागा. शुल्क १० रुपये, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर प्रथम अपील. मग टेप घेऊन उखडलेल्या कडेला जाडी मोजा. पुस्तिकेत १० सेंटिमीटर आणि जागेवर ६, तर फरक ग्रामसभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या. सरपंच चोख असेल तर हीच पुस्तिका त्याची बाजू मांडेल, म्हणून ती मिळेपर्यंत चोर म्हणू नका.