सोनोग्राफीआधी ‘12 तास कडक उपास’? आधी कोणती सोनोग्राफी ते तर सांगा

हा मेसेज तुमच्याही फॅमिली ग्रुपवर येऊन गेला असेल: ‘सोनोग्राफी कुठलीही असो, 12 तास अन्न-पाणी बंद. रोजच्या गोळ्या बंद. आदल्या रात्री एरंडेल घ्या. निघताना 2 लिटर पाणी एका दमात प्या आणि लघवी दाबून ठेवा.’ पाणी बंद आणि 2 लिटर पाणी, दोन्ही एकाच मेसेजात! तरी लोक तो पुढे पाठवतात, आणि बिचारे पाळतातही.

‘कुठलीही असो.’ साफ चूक. थायरॉइड, स्तन, अंडकोश, खांदा-गुडघा, पायाच्या शिरांचा डॉपलर (रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी) यांना तयारी लागत नाही. खुशाल जेवून जा. पाचव्या महिन्यातल्या गर्भाच्या तपासणीलाही उपाशी राहायचं कारण नाही. तिथे ओळखपत्र आणि डॉक्टरांची चिठ्ठी विसरू नका, कारण 1994 च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे ‘फॉर्म एफ’, म्हणजे गरोदर बाईच्या सोनोग्राफीच्या नोंदीचा अर्ज, भरावाच लागतो.

‘12 तास अन्न-पाणी बंद.’ उपास लागतो तो पोटाच्या सोनोग्राफीला, आणि तोही साधारण 6 ते 8 तासांचा. खाल्लं, त्यातही तेलातुपाचं, की पित्ताशय आकसून पित्त आतड्यात सोडतं. आकसलेल्या पित्ताशयातले खडे आणि त्याच्या भिंतीची जाडी नीट कळत नाही. शिवाय खाताना हवाही गिळली जाते. ध्वनिलहरी हवेपाशी अडतात, त्यामुळे मागचं स्वादुपिंड झाकलं जातं. (पोटावर जेल लावतात तेही प्रोब (अंगावर फिरवतात ते उपकरण) आणि कातडी यांच्यामधली हवा घालवायलाच.) म्हणून ‘अर्धा कपच घेतला हो’ म्हणत दुधाचा चहा नको, सिगारेट, च्युइंगम, सोडाही नको. साधं पाणी घोट-दोन घोट बहुधा चालतं. तान्ह्या बाळाला तर मोठ्यांसारखं उपाशी ठेवायचंच नसतं. किती वेळ दूध द्यायचं नाही, ते डॉक्टर सांगतील.

‘रोजच्या गोळ्या बंद.’ मेसेजातलं सर्वांत घातक वाक्य हेच. बीपीची, थायरॉइडची, फिट्सची गोळी घोटभर पाण्याबरोबर नेहमीच्या वेळी घ्यावी. मधुमेहाचं मात्र वेगळं: इन्सुलिन किंवा साखरेची गोळी घेऊन उपाशी बसलात तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. सकाळची पहिली वेळ मागून घ्या आणि त्या दिवशीच्या डोसचं आपल्या डॉक्टरांना आधी विचारा. वाट बघताना दरदरून घाम आला, हातपाय थरथरले, तर लगेच साखर खा आणि तिथल्या माणसांना सांगा. सोनोग्राफी उद्याही होते.

एरंडेल? डॉक्टरांनी सांगितलेलं नसेल तर नको. रात्रभर जुलाब आणि सकाळी अशक्तपणा, एवढंच पदरात पडेल.

‘2 लिटर एका दमात.’ ओटीपोट बघायचं असेल तर भरलेलं मूत्राशय उपयोगी पडतं, हे खरं. ते आतडी वर सरकवतं आणि त्यातून गर्भाशय, अंडाशय, प्रोस्टेट स्पष्ट दिसतात. पण त्यासाठी तासभर आधी 3-4 ग्लास, सावकाश पिऊन पुरतात. घटाघटा प्यायलात तर पाण्याबरोबर हवाही पोटात जाते. मूत्राशय अति तुंबलं तर मूत्रपिंडातला लघवीचा मार्गही फुगलेला दिसू शकतो; मग ‘लघवी करून या, परत बघू’ असं म्हणतात. प्रोस्टेटच्या रुग्णांना लघवीनंतर पुन्हा झोपवतात ते वेगळ्या कारणाने, किती लघवी आत उरते ते मोजायला. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांचं पाणी मोजून दिलेलं आहे, त्यांनी मेसेज बघून ग्लास तोंडाला लावू नये. आणि योनीमार्गातून करायच्या तपासणीला मूत्राशय रिकामंच हवं, म्हणजे अगदी उलट.

नंबर लावताना चिठ्ठी वाचून दाखवा आणि तयारी विचारा. दोन मिनिटांचा फोन आहे. मात्र पोटात असह्य कळ, अपघात, गरोदरपणात रक्तस्राव अशा वेळी कसलीही तयारी करत बसू नका. जेवलेले असाल तरी थेट दवाखान्यात जा, डॉक्टर आहे त्या स्थितीत सोनोग्राफी करतात.